वाडीची डोली: आजाऱ्याला डांबरी रस्त्यापर्यंत कसं न्यावं

रात्री दोनला हाक येते. बांबू कुणाच्या पडवीत आहे, कापड कुणाकडून आणायचं, फोनला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते आणि खांदा द्यायला आज वाडीत कोण कोण आहे, एवढंच ठरवण्यात तासभर निघून जातो. पुढचा दोन तासांचा उतार कुणाला कमी करता येत नाही. हा पहिला तास मात्र वाचवता येतो, आणि तो वाचवणं सगळं वाडीच्या हातात असतं. म्हणून खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्म्याहून जास्त काम कुणीच आजारी नसताना, कोरड्या दिवसात करायचं आहे.

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडचं कांदाटी खोरं, नंदुरबारमधले धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तुटणारं भामरागड, कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या घाटमाथ्यावरचे धनगरवाडे, अशा ठिकाणी गाडीचा रस्ता वाडीच्या दारापर्यंत येत नाही किंवा आला तरी चार महिने चालत नाही. तिथे डोली ही आजही रुग्णवाहिकेचा पहिला टप्पा आहे. रस्त्यासाठी अर्ज, मोर्चे, पाठपुरावा चालूच ठेवावा. तो होईपर्यंत डोली चांगली असायला हवी.

भातलावणीला ज्या वाडीत सावड (एकमेकांच्या शेतात पाळीने राबणं) चालते, आंबेगाव-जुन्नरकडे जिला पडकई म्हणतात, त्या वाडीला पाळी लावणं शिकवावं लागत नाही. डोलीची पाळी त्याच पद्धतीने, घरामागे एक माणूस अशी लावा. एक गोष्ट मात्र बैठकीत सगळ्यांसमोर बोलून ठेवा: बांधाचं भांडण, भावकीचा अबोला, जात, निवडणूक यातलं काहीही डोलीच्या बांबूपर्यंत आणायचं नाही. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या आजाऱ्यालाही खांदा द्यायचा. हे आधी ठरलेलं नसलं तर त्या रात्री कुणीतरी दार उघडत नाही.

बांबू

एका बांबूची झोळी हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे आणि अरुंद पाऊलवाटेवर तोच सोयीचा. बांबू भरीव हवा. कोकणात आणि घाटावर माणगा, चिवा किंवा मेस मिळतो, तो घ्या. काटेरी कळक जाड दिसतो म्हणून फसू नका. तो आतून पोकळ असतो आणि ओझ्याखाली पेरापाशी उभा चिरतो. किमान तीन वर्षं वाढलेला, थंडीत तोडलेला, दोन ते सव्वादोन इंच जाडीचा सरळ बांबू निवडा. कोवळा बांबू तोडताना हिरवागार आणि गुळगुळीत असतो, वाळला की सुरकुततो आणि वाकतो.

लांबी अकरा फूट. झोळीचे दोन बांध एकमेकांपासून सहा फुटांवर येतात, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. नऊ फुटी बांबू हाताळायला सोपा वाटतो, पण मागच्या माणसाची छाती आजाऱ्याच्या डोक्याला लागते, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि उतारावर तो अंदाजाने पाऊल टाकतो. पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

तोडल्यावर बांबू तीन-चार आठवडे वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवा. त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत वाळवा. पेरांवरचे डोळे विळ्याने तासून गुळगुळीत करा, नाहीतर खांदा सोलतो. दोन्ही टोकांना जिथे खांदा येतो तिथे हातभर लांबीत सुती कापडाचा घट्ट वेढा द्या, म्हणजे पावसात बांबू सरकत नाही. बांध बसतात त्या दोन जागी अगदी उथळ खाच करा किंवा नुसती रंगाची खूण करा. खोल खाच केली तर बांबू तिथेच मोडेल.

असे दोन बांबू तयार ठेवा. ठेवायची जागा म्हणजे चुलीच्या धुराची ऊब लागेल अशी आढ्याखाली, आडवी टांगून. भिंतीला तिरका टेकवलेला बांबू वर्षभरात वाकतो. उघड्या पडवीत ठेवलेला पावसाळ्यात कुजायला लागतो. दर वर्षी मे महिन्यात तो दोन बेचक्यांवर ठेवून मधोमध दोन धट्टीकट्टी माणसं लोंबकळून बघा. करकर आवाज आला किंवा उभी चीर दिसली तर तो बांबू मांडवाला वापरा, डोलीला नाही.

झोळी

साडेनऊ फूट लांब, पाच फूट रुंद जाड कॅनव्हासचं किंवा दुहेरी शिवलेल्या जाड सुती कापडाचं एक पान करून घ्या. चारही कडा दुमडून शिवा. दोन्ही टोकांचे सव्वा-सव्वा फूट गाठीत जातात, मध्ये सात फूट उरतात. सहा फुटांच्या अंतरात सात फूट कापड लावलं की झोळी पावणेदोन फुटांच्या आसपास खाली उतरते. माणूस त्यात नीट निजतो आणि दगडांना पाठ लागत नाही. कापड याहून लांब सोडलं तर आजारी माणूस हनुवटी छातीला लावून दुमडतो, श्वास कोंडतो, आणि चढावर झोळी जमिनीला घासते.

कापड नसेल त्या वेळी सुती नऊवारी लुगडं तीन पदरी घडी केलं की नऊ फुटांची झोळी होते. पण लुगडं नवं किंवा मजबूत हवं. धुऊन-धुऊन विरलेलं मऊ लुगडं हाताला चांगलं लागतं आणि ऐन खिंडीत फाटतं. सिंथेटिक साडी घेऊ नका, गाठ सुटते. घोंगडी अंगावर पांघरायला ठेवा. एकेरी जुनी घोंगडी ओझ्याने ताणते आणि माणूस हळूहळू खाली येत जातो.

गाठ बांधायची रीत अशी. कापडाचं टोक गोळा करून त्यात लिंबाएवढा गुळगुळीत दगड ठेवा. दगडाच्या मागे, म्हणजे झोळीच्या बाजूला, दोरीचे तीन-चार वेढे घट्ट आवळून गाठ मारा. आता कापड दोरीतून निसटूच शकत नाही, कारण दगड अडतो. तीच दोरी बांबूभोवती खुणेवर तीन वेढे देऊन आवळा आणि दुहेरी गाठ मारा. दोरी बोटाएवढी जाड, सुती किंवा नायलॉनची घ्या. गुरांची स्वस्त प्लास्टिक दोरी गुळगुळीत असते आणि हिसक्याने सैल होत जाते. ती वापरावीच लागली तर गाठीवर आणखी दोन गाठी मारा. आजाऱ्याला घालण्याआधी एका माणसाने झोळीत बसून दोन हिसके द्यायचे. हे कधीही चुकवू नका.

डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला, गाठीपासून फूटभर आत, दीड-दोन फुटांची एकेक आडवी काठी लावा आणि कापडाच्या कडा तिच्या टोकांना बांधा. या दोन काठ्यांमुळे झोळी मिटत नाही. नाहीतर कापड दोन्ही बाजूंनी खांदे दाबतं, तोंडावर येतं आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

पावसाळ्यासाठी सहा बाय नऊ फुटांचं प्लास्टिक सोबत हवंच. ते बांबूवरून दोन्हीकडे सोडलं की आपोआप तंबू होतो. एका बांबूच्या डोलीचा हा मोठा फायदा आहे. डोक्याच्या बाजूचं तोंड मात्र उघडं ठेवा.

झोळी कुणासाठी नाही

सगळ्यांना झोळीतच घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. झोळी पाठीला बाक देते. ताप, जुलाबाने आलेला अशक्तपणा, साप चावलेला शुद्धीतला माणूस, पाय मोडलेला पण फळीने बांधलेला माणूस, कळा सुरू झालेली बाई, यांना झोळी चालते. दोन प्रकारच्या आजाऱ्यांना ती चालत नाही.

पहिला प्रकार झाडावरून, कड्यावरून, घरावर कौलं शाकारताना पडलेल्यांचा. मान, पाठ, कंबर किंवा खुबा दुखत असेल, पायाला मुंग्या असतील, पाय हलत नसतील, तर झोळीच्या बाकाने मणक्याचं उरलंसुरलंही बिघडू शकतं. अशांसाठी आठ फुटांचे दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना बावीस इंचांच्या आडव्या काठ्या बांधून चौकट करा. धान्याच्या तीन गोण्या घ्या, बुडाचे दोन्ही कोपरे कापा आणि त्यांतून बांबू ओवून घ्या. आडव्या काठ्या विसरलात तर ओझ्याने बांबू एकमेकांकडे येतात आणि आजारी माणूस मध्ये चिमटतो. गोण्यांवर सहा फूट लांब, दीड फूट रुंद प्लायवूड किंवा दाराची फळी टाका. बारा मिलीमीटरचं प्लाय सहा-सात किलोंच्या आत भरतं.

उचलून फळीवर ठेवायला पाच माणसं लागतात. एकाने डोक्याशी गुडघ्यावर बसून डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि तोच हुकूम देईल. तिघांनी एका बाजूने खांदा, कंबर, पाय धरून माणसाला ओंडक्यासारखं एकत्र कुशीवर वळवायचं, पाचव्याने फळी पाठीला लावायची आणि पुन्हा एकत्र उताणं करायचं. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल. कपाळ, छाती, मांड्या आणि पाय रुंद पट्ट्यांनी फळीला बांधा. छातीची पट्टी श्वास घेता येईल इतकीच आवळा.

दुसरा प्रकार दम लागलेल्यांचा. दमेकरी, छातीत दुखणारे, पायाला सूज असलेले हृदयाचे आजारी यांना आडवं केलं की जीव घाबरा होतो. त्यांना खुर्चीत बसवून न्या. हातांची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची सगळ्यात चांगली. सात फुटांचे दोन बांबू हातांच्या खाली, बैठकीच्या चौकटीला दोन-दोन जागी बांधायचे. प्लास्टिकची खुर्चीच असेल तर दोरी बैठकीच्या खालून पूर्ण फिरवा, कारण नुसत्या हातांवर टांगलेली प्लास्टिकची खुर्ची फाटते. कमरेला एक पट्टी. खुर्चीची पाठ नेहमी चढाच्या बाजूला राहील असं न्या, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. छातीत दुखणारा माणूस "मी चालतो, दोन पावलांचं तर आहे" असं म्हणाला तरी त्याला एक पाऊलही चालू देऊ नका.

माणसं किती आणि कशी

साठ किलोंचा आजारी, पाच-सहा किलोंचा बांबू, पांघरूण धरून सत्तर किलो झाले. एका वेळी दोन खांदे, म्हणजे प्रत्येकी पस्तीस किलो. सपाटीला एक जोडी दहा मिनिटं चालते, चढावर पाच. घड्याळ बघून खांदा बदला. दमल्यावर बदलायचं असं ठेवलं तर कुणीच पहिला दमत नाही आणि शेवटी पाय लटपटतो. झोळीला आठ माणसं पुरतात, दहा चांगली. फळीला एका वेळी चार लागतात, म्हणून बारा.

जोडी उंचीप्रमाणे लावा. सारख्या उंचीचे दोघे एकत्र. उंची वेगळीच असेल तर उतारावर उंच माणूस पुढे, चढावर मागे. खांद्यावर दुमडलेला टॉवेल.

आजाऱ्याचं डोकं नेहमी वरच्या अंगाला. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे, सपाटीला पाय पुढे. उतारावर झोळीतला माणूस खालच्या बाजूला सरकतो आणि खालच्या खांद्यावर ओझं वाढतं, म्हणून तिथे ताज्या दमाचा माणूस द्या.

दोघांनी कवायतीसारखं एकाच पावलाने चालायचं नाही. पाऊल जुळलं की झोळी झोके घ्यायला लागते, आजाऱ्याला उलटी होते आणि बांबू नाचतो. पुढच्याचा डावा पाय पडेल तेव्हा मागच्याचा उजवा पडला पाहिजे. थोडं अवघड वाटतं, दोन वेळा सराव केला की जमतं.

प्रत्येक वाहणाऱ्याच्या हातात खांद्याएवढ्या उंचीची बेचक्याची काठी असू द्या. थांबायचं झालं की बांबू बेचक्यात टेकवायचा, डोली खाली ठेवायची गरज पडत नाही. जमिनीवरून सत्तर किलो पुन्हा उचलण्यातच कंबरा जातात. खांदा बदलतानाही आधी बेचकं, मग नवा खांदा, मग जुना बाजूला.

वाहणाऱ्यांशिवाय चौघे हवेत. वाटाड्या वीसेक पावलं पुढे, बॅटरी आणि कोयता घेऊन, "पायरी", "निसरडं", "डावीकडे फांदी" असं सांगत. एक जण आजाऱ्याच्या बाजूला, ज्याचं काम फक्त चेहरा बघणं आणि बोलत राहणं. एक जण आधीच पुढे पळालेला, फोनसाठी. आणि एक मुकादम, ज्याच्याशिवाय कुणी हुकूम द्यायचा नाही. तीस माणसं जमतात आणि तिघे तीन वाटा सांगतात, तेव्हा डोली अंगणातच उभी राहते. बाकीच्यांना मुकादमाने सरळ सांगावं: तुम्ही घर सांभाळा, तुम्ही मागून बॅटऱ्या आणा, तुम्ही झोपा आणि सकाळी शेताला जा.

वाट

वाट वर्षातून दोनदा साफ करा, मेच्या शेवटी आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत. नेहमीच्या पाऊलवाटेपेक्षा डोलीला वेगळी वाट लागते. अकरा फुटांचा बांबू अरुंद वळणावर वळत नाही. प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाची झुडपं पाच-सहा फूट आत तोडा. डोक्यावरच्या फांद्या सात फुटांपर्यंत छाटा. कातळावरचं शेवाळ घासून काढा आणि फार निसरड्या जागी टिकावाने पायऱ्या खोदा. अर्ध्या तासाच्या अंतराने एकेक विसाव्याची जागा सपाट करून ठेवा, जिथे आजाऱ्याला निजवून बघता येईल.

साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या, वाशांवर दर मेमध्ये चार माणसं एकत्र उभी करून बघा. वाहून गेलेला साकव पावसाआधी बांधणं हे वर्षातलं पहिलं श्रमदान असावं. ओढ्याच्या दोन्ही तीरांवर मजबूत झाड बघून कमरेच्या उंचीवर धरायची दोरी बांधून ठेवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि पायाखालचे दगड हलत असतील तर डोली पाण्यात घालू नका. डोंगरी ओढा जसा चढतो तसाच पाऊस थांबल्यावर उतरतो. तेवढा वेळ थांबा, किंवा लांबची वाट धरा. डोली घेऊन जाणारी चार माणसं वाहून गेली तर वाडीवर पाच घरांचं संकट येतं.

डोलीला नेहमीच्या चालण्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरा. एकदा खरंच मोजा. सुट्टीच्या दिवशी साठ किलोंच्या भाताच्या पोत्यांची डोली करून दिवसा न्या, दुसऱ्या वेळी रात्री न्या, आणि दोन्ही खेपांना किती वेळ लागला ते भिंतीवर लिहून ठेवा.

फोन आणि गाडी

डोली बांधायला सुरुवात होतानाच फोनवाला निघाला पाहिजे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, फोन आणि गाडी दोन्ही फुकट. गरोदर बाया, बाळंतिणी आणि वर्षाच्या आतली बाळं यांच्यासाठी १०२ आहे. रेंजच्या जागा, म्हणजे कुठल्या कंपनीची रेंज कुठल्या खडकावर, कुठल्या आंब्याखाली मिळते, हे एका कागदावर लिहून प्रत्येक घरात चिकटवा.

फोनवर सांगायचं ते आधीच लिहून ठेवा: तालुका, गाडी जिथे येऊ शकते त्या फाट्याचं नाव, जवळची खूण (शाळा, देऊळ, एसटीचा थांबा), आजाऱ्याचं वय आणि काय झालं, डोली फाट्यावर किती वाजता पोचेल, आणि त्या रात्री लागेल असा दुसरा नंबर. नुसतं वाडीचं नाव सांगितलं तर गाडी भलत्याच वाडीकडे जाते, कारण एकाच नावाच्या वाड्या प्रत्येक तालुक्यात असतात. डोली पोचण्याआधी एक माणूस फाट्यावर बॅटरी घेऊन उभा हवाच. रिकामा फाटा बघून गाडी पुढच्या कामाला निघून जाऊ शकते. जलाशयाच्या काठच्या वाड्यांनी लाँच चालवणाऱ्या दोघांचे नंबर ठेवावेत, एकावर विसंबू नये.

दुसरा फोन आरोग्य केंद्राला. डॉक्टर हजर आहेत का, सापाची लस आहे का, की थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, हे विचारून घ्या. केंद्रावर जाऊन परत फिरण्यात जो वेळ जातो तो फोनने वाचतो.

कुणाला काय

साप चावला असेल तर माणसाला चालवू नका, पळवू नका. धावण्याने विष लवकर पसरतं. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, करगोटा लगेच काढा, सूज आली की ते रुततात. हातापायाला मोडक्या हाडासारखी फळी लावा, सैल बांधा, हलू देऊ नका. आवळपट्टी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ लावणं सगळं बंद. घोणस-फुरशाच्या दंशात आवळपट्टीने पाय जातो. चावल्याची वेळ कागदावर लिहा. साप मारत बसू नका आणि पिशवीतून नेऊ नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असते.

मण्यारीचा दंश रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि बरेचदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही. कारण न कळता पापण्या जड झालेला माणूस सापाचाच समजून डोली काढा. त्याला डाव्या कुशीवर ठेवा, तोंडातून लाळ बाहेर येऊ द्या आणि पाणी, दूध, चहा काहीही पाजू नका. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहायचा. असा माणूस श्वास मिळत राहिला तर वाचू शकतो. हे आरोग्य केंद्रातून चार-पाच जणांनी शिकून घ्यावं.

देवऋषी, भगत यांच्यावर वाडीचा विश्वास असतो. त्यावर त्या रात्री वाद घालू नका. डोली बांधली जात असताना अंगारा लावून होऊ दे, पण डोली तयार झाली की निघायची. हे भगतालाही बैठकीला बोलावून आधी सांगून ठेवलं तर तोच "उचला" म्हणतो.

कोकणात लाल विंचवाच्या दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलट्या, थंड हातपाय झाले तर ते साप चावल्याइतकंच गंभीर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे यावर प्राझोसिन ही साधी गोळी वापरली जाऊ लागली. ती डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायची. दुखणं कमी झालं म्हणून मूल घरी ठेवू नका.

गरोदर बाईला डाव्या कुशीवर, पाठीला घोंगडीची गुंडाळी लावून न्या. उताणं निजवलं की पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते. सोबत आशाताई किंवा अनुभवी बाई, दोन स्वच्छ सुती लुगडी, आणि माता-बाल कार्ड. झटके आले तर कुशीवर ठेवा, तोंडात चमचा घालू नका. वाटेतच बाळ आलं तर डोली टेकवा, पुरुषांनी पाठ करून उभं राहावं, दोन जणांनी लुगड्याचा आडोसा धरावा. बाळ ओढू नका. कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांना एकत्र पांघरा. नाळ कोयत्याने कापू नका, वार ओढून काढू नका. वार आपोआप पडली तर पिशवीत घालून बाळाजवळ ठेवा आणि तशीच डोली पुढे काढा.

पण बाळंतपणाची डोली ही बहुतेक वेळा टाळता येते. मेमध्ये आशाताईसोबत यादी करा: जून ते सप्टेंबरमध्ये कुणाची तारीख आहे. तिला पंधरा दिवस आधी रस्त्याकाठच्या नातेवाइकांकडे किंवा आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायची सरकारी सोय) पोचवा. ती जात नाही याचं खरं कारण बहुतेक वेळा घरची लहान मुलं आणि गुरं हे असतं. ती जबाबदारी शेजारणींनी घेतली की ती जाते.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, तर वेळ लिहा आणि लगेच निघा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी डोक्याचं सीटी स्कॅन हवं, म्हणून १०८ ला तसं स्पष्ट सांगा.

डोलीची पेटी आणि मागे राहिलेलं घर

बांबूजवळ पत्र्याची एक पेटी ठेवा. त्यात झोळीचं कापड, वीस-वीस हातांच्या दोन दोऱ्या, चार आडव्या काठ्या, प्लास्टिक, डोक्याला लावायच्या तीन बॅटऱ्या, सेल वेगळे काढून ठेवलेले (आत राहिले तर पावसाळ्यात गळतात), फळी बांधायच्या कापडी पट्ट्या, स्वच्छ कपडा, कात्री, वही, पेन आणि जळवांसाठी मिठाची पुडी. पेटीला कुलूप नको. दर अमावास्येला कुणीतरी उघडून बघायचं, पाळीने.

घरामागे महिना वीस रुपये काढले तर तीस घरांच्या वाडीत वर्षाला सात हजार दोनशे होतात. परतीच्या जीपला, दवाखान्यात थांबलेल्याच्या जेवणाला आणि नव्या कापडाला एवढे पुरतात. खांद्याचे पैसे कुणी घ्यायचे नाहीत, पण मोलमजुरीवर पोट असलेल्या घराला त्या दिवशीचं धान्य फंडातून द्या. त्यात कमीपणा वाटू देऊ नका.

आजाऱ्यासोबत आधारकार्ड, रेशनकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि दोन माणसं जातात. त्या घराचं मागे काय, हे मुकादमाने निघण्याआधीच तीन घरांना वाटून द्यावं: एका घराने गुरांचं शेण-पाणी आणि धार, दुसऱ्याने मुलांचं जेवण आणि शाळा, तिसऱ्याने शेतातलं अडलेलं काम. वहीत नावं लिहा. हे नीट लावलेलं असलं की आई दवाखान्यात निर्धास्त राहते आणि तिसऱ्या दिवशी अर्धवट उपचार सोडून पळून येत नाही.

डोली परत आली की कापड धुवा, वाळवा, दोऱ्यांच्या गाठी सोडा, बांबू पुसून जागेवर टांगा. सेल काढा. किती वाजता हाक आली, किती वाजता वाडी सोडली, किती वाजता फाटा गाठला, वहीत लिहा. रक्त किंवा उलटी लागलेलं कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवा. हे सगळं त्याच दिवशी करायचं, कितीही दमलेले असलात तरी.